नाव देणारा आमदार

कायद्याच्या नजरेने पाहिले तर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र जन्मला नाही. जन्मला तो गुजरात. संसदेने त्या वर्षी केलेला मुंबई पुनर्रचना कायदा उघडून पाहावा. त्यात ‘गुजरात’ नावाचे नवे राज्य घडवले आहे, आणि तेवढा मुलूख वगळल्यावर मुंबई राज्याचा जो भाग उरतो त्याला यापुढे ‘महाराष्ट्र’ म्हणावे, असे सांगितले आहे. जुन्या राज्याचे नाव बदलले, इतकेच. ज्या मागणीसाठी शंभरावर माणसे गोळीबारात मेली, ती मागणी कायद्याच्या पुस्तकात अखेर एका शब्दात येऊन बसली.

या विधेयकावर मत देण्याची पाळी मुंबई विधानसभेवर आली, तेव्हा विरोधी बाकांवर दादरचा एक आमदार बसलेला होता. त्याचे निम्मे आयुष्य शब्दांची किंमत मुलांना शिकवण्यात आणि उरलेले निम्मे ती मोठ्यांना पटवण्यात गेले होते. तो मुख्याध्यापक होता, कवी होता, नाटककार होता, चित्रपटांचा निर्माता होता आणि सगळ्यांत आधी संपादक होता. प्रल्हाद केशव अत्रे, म्हणजेच आचार्य अत्रे. नाटककार अत्रे मराठी माणसाला ठाऊक असतात, वक्ते अत्रे आख्यायिकांतून माहीत असतात. आमदार अत्रे मात्र बहुधा विनोदी किश्श्यांपुरते उरले आहेत. मला तो मोठा अन्याय वाटतो. वर्तमानपत्र चालवणारा माणूस विधिमंडळात जातो तेव्हा काय काय घडू शकते, याचे इतके भरघोस उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही.

अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोडीत खुर्द गावचा. पुरंदर किल्ल्याच्या सावलीतला हा मुलूख. सासवडला सोपानदेवांची समाधी आहे, कऱ्हा आणि चांबळी यांचा संगम आहे आणि संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. अत्र्यांनी पुढे आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव दिले, ते याच नदीवरून. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना राम गणेश गडकऱ्यांचा सहवास लाभला आणि भाषेचे वेड पक्के झाले. पदवीनंतर ते शिक्षक झाले. पुण्याच्या लष्कर भागातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत त्यांनी मुख्याध्यापक म्हणून अनेक वर्षे काढली. त्या नोकरीच्या काळातच ते लंडनला जाऊन अध्यापनाची पदविका घेऊन आले. ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेला ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकवितांचा संग्रह १९२५ सालचा आहे, म्हणजे तोही एका शाळामास्तरानेच लिहिलेला.

त्यांच्या पत्रकारितेचा उगम सांगताना लोक थेट ‘नवयुग’वर येतात. खरी सुरुवात त्याहून पुष्कळ आधीची आणि साधी आहे. ‘अध्यापन’, ‘इलाखा शिक्षक’ अशी शिक्षकांसाठीची मासिके त्यांनी चालवली. वर्गात सकाळी काय शिकवायचे, मुलाला बेरीज का समजत नाही, कविता पाठ करून घ्यावी की समजावून द्यावी, असले प्रश्न त्या मासिकांत असत. त्यातूनच पुढे प्राथमिक शाळांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ आणि माध्यमिक शाळांसाठी ‘अरुण वाचनमाला’ तयार झाली. त्याआधीची क्रमिक पुस्तके मुलाला उपदेश करत. अत्र्यांनी मुलाला गोष्ट सांगितली. वाक्य छोटे, शब्द बोलण्यातला, विषय अंगणातला. माझ्या मते पुढच्या सगळ्या अत्र्यांची किल्ली इथे आहे. सात वर्षांच्या पोराला कळेल असे लिहिण्याचा सराव ज्याने वर्षानुवर्षे केला, त्याला पुढे शिवाजी पार्कवरच्या लाखोंच्या सभेत शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोहोचणे अवघड गेले नाही.

लोकप्रतिनिधी म्हणून त्यांनी पहिले धडे घेतले ते पुण्याच्या नगरपालिकेत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते काँग्रेसतर्फे निवडून गेले. नळ, गटारे, दिवाबत्ती यांच्या त्या सभागृहात या भाषेच्या माणसाला एक वेगळीच गोष्ट दिसली. गावातल्या जागांची नावे कोणाची आहेत? भाजीबाजाराच्या मोठ्या इमारतीला लॉर्ड रे या गव्हर्नराचे नाव होते. अत्र्यांच्या पुढाकाराने रे मार्केटची ‘महात्मा फुले मंडई’ झाली. नदीपलीकडचे भांबुर्डे ‘शिवाजीनगर’ झाले, त्यामागेही तेच होते.

मंडईची गोष्ट क्षणभर थांबून ऐकण्यासारखी आहे. जोतीराव फुले स्वतः १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, आणि बाजाराच्या भव्य इमारतीवर होणाऱ्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला द्यावा, असे त्यांचे म्हणणे. पुण्याच्या ज्या पेठांनी जोतीरावांना जिवंतपणी छळले, त्या पेठांच्या मधोमध उभ्या असलेल्या त्याच इमारतीवर त्यांचे नाव आले. आज रिक्षावाल्याला ‘मंडई’ म्हटले की पुरते, त्यामुळे या बदलाचे वजन आपल्या लक्षात येत नाही. फुल्यांचे नाव आदराने घेणारी मंडळी त्या काळच्या पुण्यात आजच्याइतकी नव्हती.

१९४० साली ‘नवयुग’ साप्ताहिक सुरू झाले आणि अत्रे पूर्णवेळ संपादकीय रिंगणात उतरले. तोवर ‘साष्टांग नमस्कार’, ‘घराबाहेर’, ‘उद्याचा संसार’, ‘लग्नाची बेडी’ या नाटकांनी रंगभूमी हलवली होती आणि ‘ब्रह्मचारी’, ‘ब्रँडीची बाटली’ हे चित्रपट गाजले होते. १९४२ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. या सगळ्याचा तपशील इथे देत बसत नाही, त्यावर ग्रंथ आहेत. दोन चित्रपटांबद्दल मात्र लिहायलाच हवे, कारण त्यांचा संबंध या आमदाराच्या घडणीशी आहे.

पहिला ‘श्यामची आई’. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकावरचा चित्रपट अत्र्यांनी १९५३ साली पडद्यावर आणला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाले. कोकणातल्या एका गरीब घरातली ती गोष्ट. तिच्यात ना भव्य देखावे, ना बाजारू मसाला. ऑक्टोबर १९५४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’सारखा चित्रपट त्याच वर्षीच्या यादीत गुणवत्ता प्रमाणपत्राचा मानकरी होता, यावरून त्या पदकाची उंची समजावी. दुसरा चित्रपट १९५४ चा ‘महात्मा फुले’. त्याचा मुहूर्त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते झाला आणि जोतीरावांची भूमिका बाबुराव पेंढारकरांनी केली. मराठीतील उत्तम चित्रपटाचे राष्ट्रपती रौप्यपदक त्याला मिळाले. पुण्यातल्या मंडईवर पाटी लावून अत्र्यांना पुरे वाटले नव्हते. त्या पाटीवरचा माणूस कोण होता, हे त्यांना लोकांना दाखवायचे होते.

आता १९५५ कडे येऊ. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. भाषेच्या आधारावर राज्ये द्यायची, पण मराठी आणि गुजराती माणसांना एकाच मुंबई राज्यात ठेवायचे आणि विदर्भ वेगळा करायचा, अशी शिफारस त्यात होती. नोव्हेंबरमध्ये मुंबई शहरच वेगळे काढण्याची कल्पना पुढे आली आणि गिरणगाव पेटले. २१ नोव्हेंबर रोजी कामगारांचा मोर्चा विधानसभेवर निघाला. ती त्या वेळी आजच्या ठिकाणी नव्हती. रीगल सिनेमाजवळ खलाशांसाठी बांधलेली एक जुनी इमारत आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून ती उभी राहिली, १९२८ पासून तिथे विधिमंडळ भरत असे आणि आज राज्य पोलीस दलाचे मुख्यालय आहे. मोर्चा तिथवर पोहोचलाच नाही. किलोमीटरभर अलीकडे, फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि १५ माणसे मेली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाल्यावर पुन्हा गोळीबार झाले. बळींची संख्या शंभराच्या पुढे गेली.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कॉम्रेड डांगे, एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे, सेनापती बापट, प्रबोधनकार ठाकरे, उद्धवराव पाटील अशी एरवी एका चटईवर न बसणारी माणसे तिथे एकत्र आली. शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी डफावर थाप मारली. आणि अत्रे? त्यांच्याकडे तोफ होती, पण ती आठवड्यातून एकदाच धडाडत होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा, विदर्भ हे सगळे एकत्र बांधून विशाल द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. पुरत्या दोन आठवड्यांनी, १५ नोव्हेंबरला, मुंबईत ‘मराठा’ या दैनिकाचा पहिला अंक निघाला. निवडणुका तीन-चार महिन्यांवर होत्या.

‘मराठा’ अवघा तीन आठवड्यांचा असताना, ६ डिसेंबर रोजी, दिल्लीत बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले आणि त्या अथांग गर्दीपुढे अत्रे बोलले. त्या काळातले त्यांचे अग्रलेख पुढे ‘दलितांचे बाबा’ या नावाने संग्रहित झाले. मृत्युलेख हा त्यांचा खास प्रांत होता. गेलेल्या माणसाच्या आयुष्यातला एखादा छोटा प्रसंग ते असा उचलत की वाचणाऱ्याला आपल्याच घरातले कोणी गेल्यासारखे वाटे. हे कसब मासिकांत आणि वाचनमालांत कमावलेले होते: मोठी गोष्ट सांगायची असेल तर लहान वस्तू हातात घ्यावी.

दैनिक म्हणून ‘मराठा’ कसा होता? ठळक, आक्रमक, एका बाजूचा. मथळे असे की रस्त्याच्या पलीकडून वाचता यावेत. चाळीत एकाने अंक वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, अशी त्याची भाषा. अत्र्यांनी तटस्थपणाचा आव कधीच आणला नाही, आणि त्यांच्या लेखणीने काही माणसांवर वार करताना मर्यादा ओलांडली, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मोरारजी देसाई, स. का. पाटील, यशवंतराव यांच्यावर त्यांनी वापरलेले काही शब्द आज वाचतानाही जड जातात. साहित्यातले त्यांचे वादही याच पट्टीतले. पण ज्या लोकांचे म्हणणे मोठ्या वृत्तपत्रांच्या कोपऱ्यात जात होते, त्यांना पहिल्या पानावर आणणारा हाच माणूस होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

१९५७ च्या निवडणुकीत अत्रे समितीच्या पाठिंब्याने अपक्ष म्हणून दादरमधून मुंबई विधानसभेवर निवडून आले. एस. एम. पुण्यातून आले. डांगे आणि नानासाहेब गोरे लोकसभेत गेले. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली. खुद्द यशवंतराव कराडमधून थोडक्या मतांनी वाचले. तरीही ३९६ सदस्यांच्या सभागृहात काँग्रेसला २३४ जागा मिळाल्या, कारण गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा तिच्यामागे उभे राहिले. ज्या सभागृहापर्यंत मोर्चा पोहोचू शकला नव्हता, तिथे समितीचे लोक आता अधिकाराने बसले होते. पण सरकार पाडण्याइतकी मते त्यांच्याकडे नव्हती.

बहुमत नसलेल्या आमदाराकडे उरते काय? प्रश्न, कपात सूचना आणि भाषण. अत्र्यांकडे चौथे एक हत्यार होते, दुसऱ्या दिवशीचा अंक. इथे राज्यघटनेतली एक बारीक गोष्ट समजून घ्यावी. कलम १९४ नुसार आमदाराने सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल त्याच्यावर कोर्टात कारवाई होऊ शकत नाही. हे संरक्षण संपादकाला त्याच्या अग्रलेखासाठी मिळत नाही. म्हणजे एकच वाक्य आमदार अत्रे निर्धास्तपणे बोलू शकत होते, पण संपादक अत्र्यांना ते लिहिताना अब्रुनुकसानीचा कायदा आठवावा लागे. उलट सभागृहात अध्यक्ष माईक देणार तेवढीच मिनिटे, शिस्तीच्या चौकटीत. वर्तमानपत्रात मात्र अख्खे पान आपले. दिवसा सभागृह, संध्याकाळी सभा, रात्री अग्रलेख, हा त्यांचा त्या वर्षांतला क्रम. मंत्र्याच्या उत्तरातली फट सभागृहात दिसावी आणि सकाळी ती गिरणीच्या फाटकावर पोहोचावी, अशी ही साखळी होती. पूर्णवेळ राजकारण्याला ती जमली नसती, पूर्णवेळ पत्रकारालाही नाही.

३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करायला आले, तेव्हा समितीने वाटेवर काळ्या निशाणांची प्रचंड निदर्शने केली. घाटातली गर्दी पाहून दिल्लीला पहिल्यांदा नीट अंदाज आला, असे मानले जाते. त्याच वर्षी मुंबई महापालिकाही समितीकडे गेली होती. द्विभाषिक चालणार नाही, हे हळूहळू सगळ्यांनाच कळत गेले.

मग १९६० चा मार्च आला. घटनेच्या कलम ३ प्रमाणे राज्याच्या सीमा किंवा नाव बदलण्याचा अधिकार संसदेचा असतो. मात्र विधेयक आधी त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवावे लागते. संसदेवर ते मत बंधनकारक नसते, तरी मत नोंदले जाते. मुंबईसह महाराष्ट्र मिळणार हे ठरले होते. प्रश्न उरला होता नावाचा. जगभर ओळखल्या जाणाऱ्या मुंबईचेच नाव राज्याला असावे, असे वाटणारे लोक होते आणि त्यांच्याकडे व्यवहाराची कारणे होती. अत्र्यांनी सभागृहात आणि ‘मराठा’त एकच हेका धरला: राज्याचे नाव ‘महाराष्ट्र’. भांबुर्डे आणि रे मार्केट यांच्या पाट्या बदलणाऱ्या माणसाला हा प्रश्न किरकोळ वाटणे शक्यच नव्हते. शहराचे नाव राज्याला दिले असते तर चंद्रपूरच्या आणि सिंधुदुर्गाच्या माणसाने आपला मुलूख कोणता म्हणून सांगितला असता? मागणी अनेकांची होती, श्रेय एकट्याचे नाही, आणि अखेर ते नाव मान्य करून दिल्लीपर्यंत नेण्यात यशवंतरावांचाही वाटा होता. तरी त्या शब्दासाठी सभागृहात आणि सभागृहाबाहेर सर्वांत मोठ्या आवाजात कोण भांडले, असे विचारले तर उत्तर एकच येते.

बेळगाव, कारवार, निपाणी मात्र बाहेर राहिली. अत्र्यांना त्याचा सल शेवटपर्यंत होता.

१९५७ साली निवडलेली ती विधानसभा राज्य बदलले तरी १९६२ पर्यंत चालली. त्या साली ‘तो मी नव्हेच’ रंगभूमीवर आले. एका भामट्याच्या खऱ्या खटल्यावर बेतलेले ते नाटक फिरत्या रंगमंचावर उभे राहिले, प्रभाकर पणशीकरांनी त्यात पाच रूपे घेतली, आणि सगळे नाट्य घडते ते न्यायालयात: उलटतपासणी, साक्षी, आणि प्रत्येक प्रश्नाला सफाईने दिलेला नकार. सभागृहात पाच वर्षे सरकारी उत्तरे ऐकलेल्या माणसाच्या हातून हे नाटक उतरले, याची मला नेहमी आठवण होते. दोन्हींचा संबंध आहे असा माझा दावा नाही. पण प्रश्नोत्तराच्या तासाचा कान त्या संवादांत मला ऐकू येतो.

२७ मे १९६४ रोजी नेहरू गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात अत्र्यांनी या माणसावर सतत आग ओकली होती, प्रतापगडाच्या वाटेवर त्यांच्याविरुद्ध लोक उभे केले होते. त्याच अत्र्यांनी ‘मराठा’त नेहरूंवर लेखमागून लेख लिहिले, आणि ‘सूर्यास्त’ या नावाने ते पुस्तकरूपाने निघाले. आपल्या विरोधकाची थोरवी इतक्या सविस्तर, इतक्या ओल्या मनाने सांगणारा संपादक विरळा. आदल्या भांडणाबद्दल त्यांनी खंत करावी, अशी अपेक्षाच चुकीची होती. भांडण मुद्द्याचे होते, तो मुद्दा मिटला होता, आणि माणूस मोठा होता.

अत्रे १३ जून १९६९ रोजी मुंबईत वारले. एकाहत्तरावे वर्ष पुरे व्हायला दोन महिने होते. वरळीत ‘शिवशक्ती’ या इमारतीतून ‘मराठा’ निघत असे. शिरीष पै आणि मीना देशपांडे या त्यांच्या दोन्ही कन्या लेखिका झाल्या; त्यांपैकी शिरीषताईंनी मराठीत हायकू रुजवला.

वरळी नाक्यावर त्यांचा पुतळा आहे आणि त्या चौकाला त्यांचे नाव आहे. २०२५ साली मुंबईची भुयारी मेट्रो त्या चौकाखालून धावू लागली. दादरला, म्हणजे त्यांच्या जुन्या मतदारसंघात, गाडीत बसले की सिद्धिविनायक आणि वरळी मागे पडतात आणि ‘आचार्य अत्रे चौक’ येते. तशीच गाडी पुढे गेली की ‘हुतात्मा चौक’, म्हणजे गोळीबाराचे ते फ्लोरा फाउंटन, लागते, मग चर्चगेट, आणि त्यापुढचे स्थानक ‘विधान भवन’. ही नावे डब्यात मराठीतून पुकारली जातात.